बाबांसाठी घरी घेतलेली सायकियाट्रिक नर्स, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू (नागपूर)

स्टार आधीच सांगून टाकते. सिस्टरला ५ पैकी ५, तिला पाठवणाऱ्या नर्सिंग ब्युरोच्या ऑफिसला २, आणि इथे एकच आकडा टाकता येतो म्हणून ४ टाकलेत. ब्युरोचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण सिस्टर अजून त्यांच्याकडेच आहे आणि माझ्या लिहिण्यामुळे तिच्या रोजीवर काही यायला नको. तसंही नागपुरात असे ब्युरो धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक सगळीकडे आहेत आणि ज्यांना मी फोन केले ते सगळे साधारण एकाच पद्धतीने बोलतात, त्यामुळे नावापेक्षा काय मागायचं हे कळलं तर तुमच्या जास्त कामी येईल. लांब आहे पण घरी असा पेशंट असेल तर पूर्ण वाचा.

आमचे बाबा ६६ वर्षांचे, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाले. बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी एकदम खाली जातो तो आजार) १९९६ पासून, म्हणजे मी शाळेत असल्यापासून. लिथियमवर, म्हणजे मूड सांभाळणाऱ्या गोळीवर, इतकी वर्षं छान चाललं होतं, नोकरी पूर्ण केली, आमची दोघांची लग्नं केली, कॉलनीच्या गणपतीचा हिशोब तर दरवर्षी त्यांच्याकडेच. यंदा जानेवारीत आई गेली. आई होती तोपर्यंत गोळ्या, झोप, जेवण सगळं तीच बघायची आणि आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं की ती एक नर्सच होती घरातली. मार्चमध्ये बाबांची झोप कमी झाली, चार तास, मग दोन तास, मग बँकेत जाऊन एफडी मोडायचं सुरू झालं आणि शेवटी ॲडमिट करावं लागलं. १९ दिवस वॉर्डात होते. डिस्चार्ज झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले की पन्नास टक्के काम झालंय, उरलेलं घरी व्हायचंय, महिना दीड महिना रात्री कोणीतरी शिकलेलं माणूस ठेवा. माझा भाऊ पुण्यात, मी मानेवाड्याला, दिवसा मी रजा टाकून बाबांकडे जात होते पण रात्री माझी लहान पोरगी असते घरी. म्हणून ब्युरो.

आता फोनवर त्यांनी मला काय विचारलं ते बघा. पेशंटचं वजन किती, उंची किती, मारतात का, कपडे फाडतात का. एवढंच. डायग्नोसिस काय, कोणत्या गोळ्या चालू, झोप किती, आधी कधी जीवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला का, यातलं एकही विचारलं नाही. मीही त्या वेळी इतकी थकलेली होते की म्हटलं पाठवा बाप्पा कोणालाही. "मेंटल पेशंट" म्हणून रोजचे २०० रुपये जास्त लावले ते मी गुपचूप मान्य केले.

पहिल्या रात्री एक दणकट अटेंडंट आला. वाईट माणूस नव्हता तो, आधी कुठेतरी पॅरालिसिसच्या पेशंटकडे होता, उचलणं-ठेवणं त्याला चांगलं येत असणार. पण बाबांना उचलायचं नव्हतंच ना कोणी. रात्री बाबा उठून फेऱ्या मारायला लागले, मोठ्याने बोलायला लागले, हा म्हणाला "काका, पागल झाले का तुम्ही, झोपा", आणि बाबा जास्तच चिडले तेव्हा त्याने त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली. सकाळी मी गेले तर बाबा दाराला पाठ लावून जमिनीवर बसून होते आणि त्यांनी खोलीतच लघवी केली होती. सहासष्ट वर्षांचा माणूस. माझ्याकडे बघेनात. अजून लिहिताना हात थरथरतो माझा. रजिस्टरमध्ये त्याने एकच ओळ लिहिली होती, "पेशंट रातभर खूप तरास देते".

हे सगळ्यांना सांगायला हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू आहे, त्यात मानसिक आजाराच्या पेशंटला एकट्याला कोंडून ठेवायला सरळ बंदी आहे, साखळदंड कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि हातपाय धरून-बांधून ठेवायचं तर तेही फक्त तेव्हाच जेव्हा पेशंटला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार आहे आणि दुसरा कुठलाच उपाय उरला नाही, तेही सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, आणि पेशंटच्या नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. दवाखान्यासाठी आहेत हे नियम. पण जे दवाखान्यात चालत नाही ते आमच्या घरात पैसे घेऊन कसं चालेल, हे मी ब्युरोला विचारलं तर ते म्हणे "मॅडम, मग तुम्हाला नर्स पाहिजे होती, आधी सांगायचं ना".

म्हणजे फरक त्यांना माहीत होता.

दुसरं माणूस मिळायला तीन दिवस लागले (२४ तासांत रिप्लेसमेंट असं कागदावर लिहिलंय). त्या तीन रात्री मी आणि माझे मिस्टर आळीपाळीने थांबलो. मग सिस्टर आली. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स झालेली, त्यानंतर सायकियाट्रीच्या वॉर्डात काही वर्षं काम केलेली, भंडाऱ्याकडची, बुटकी बारीक अंगाची. मी मनात म्हटलं ही काय सांभाळणार. तिने आल्यावर बॅग ठेवली, माझ्याकडून फाइल घेतली, डिस्चार्ज कार्ड दोनदा वाचलं, आणि मला जे विचारलं ते मी नंतर लिहून ठेवलं. आजार वाढायला लागतो तेव्हा सगळ्यात पहिले काय बदलतं? (झोप.) शांत कशाने होतात? (जुन्या ड्युटीच्या गोष्टी, आणि चहा.) कोणाच्या बोलण्याने चिडतात? आई गेली त्याबद्दल रडलेत का अजून? हा शेवटचा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, डॉक्टरांनी पण नाही. नव्हते रडले.

मग ती बाबांकडे गेली. ते बंगईवर बसून होते. शेजारी नाही बसली, थोडी दूर खुर्ची घेऊन, दाराकडची वाट मोकळी ठेवून बसली. म्हणाली "काका, मी रात्री इथेच राहणार आहे, सकाळी आठपर्यंत. तुम्हाला काही लागलं तर मला आवाज द्या. कडी लावणार नाही." बाबा काही बोलले नाहीत पण बंगई थांबवली. नंतर मी तिला विचारलं की दूर काहून बसली, तर म्हणे ताई, तीन दिवसांपूर्वी ज्याला कोंडलं त्याच्या अंगावर जाऊन बसलं तर तो घाबरेल, आणि वाट अडवून बसलं तर अजूनच. इतकं साधं. पण आम्हाला तिघांनाही सुचलं नव्हतं.

तिची एक सवय सांगते. ती बाबांना पेशंट म्हणत नाही, घरात काका आणि रजिस्टरमध्ये क्लायंट. मी विचारलं तर म्हणाली आम्हाला कॉलेजात सायकियाट्रीच्या तासाला तसंच शिकवलं, की तो आपल्याकडून सेवा घेणारा माणूस आहे, त्याला हो-नाही म्हणायचा हक्क आहे. आमच्या घरात हा शब्द फार भिडला मला. बाबांच्या लहानपणापासून इथे पागलखाना चौक हे नाव ऐकतोय आपण, ऑटोवाल्याला तोच पत्ता सांगतो, तिथलं मनोरुग्णालय १८६४ चं आहे पण लोकांच्या तोंडात नाव तेच बसलंय. बाबा गोळ्या घ्यायला लागले तेव्हा त्यांच्या ऑफिसात कोणीतरी त्यांच्या टेबलवर चिठ्ठी ठेवली होती त्या चौकाच्या बस तिकिटासकट. त्यांनी ती आईलाच फक्त दाखवली होती. तर अशा माणसाला कोणी क्लायंट म्हणतं तेव्हा काय वाटत असेल.

आता तिच्या रात्रीच्या कामाबद्दल. एप्रिलमध्ये बाबांच्या डोक्यात काटोलला संत्र्याच्या ज्यूसची फॅक्टरी टाकायची होती. रात्री अडीचला उठायचे आणि पेपरच्या मार्जिनवर हिशोब, किती टन, किती ट्रक, आखाती देशात किती माल. आम्ही काय करायचो, "बाबा असं काही नाहीये, झोपा", आणि मग तासभर भांडण. सिस्टर वाद घालत नव्हती आणि होला हो पण करत नव्हती. एका रात्री मी पण तिथेच थांबले होते तेव्हा स्वतः ऐकलं. बाबा म्हणाले मला आत्ताच्या आत्ता बँक मॅनेजरला फोन लावायचाय, फोन दे. ती म्हणाली "काका, खूप विचार येऊन राहिले ना डोक्यात, एकामागे एक." बाबा थांबले. म्हणाले "हो ना." "फोन सकाळी ताईंसमोर. आत्ता अडीच वाजलेत. हे खा." आणि हातात सांभारवडी दिली. छोटी वाक्यं, हळू आवाज, आणि दर वेळी तेच उत्तर. पाच वेळा विचारलं तर पाच वेळा "फोन सकाळी ताईंसमोर". मला पण तिने बजावलं होतं की तुम्ही पण हेच बोलायचं, तुमच्या भावाने पुण्याहून फोनवर पण हेच, एकाने हो एकाने नाही असं झालं की त्यांना सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

सांभारवडीचंही कारण होतं. मेनियात, म्हणजे मूड चढलेला असतो तेव्हा, माणूस ताटावर बसत नाही, दोन घास खाऊन उठतो, दिवसभर चालतो आणि वजन उतरत जातं. बाबांचं तीन किलो उतरलं होतं. तिने मला सांगितलं ताटाचा आग्रह सोडा, हातात धरून चालता चालता खाता येईल असं करा. मग मी पराठ्याच्या गुंडाळ्या, केळी, चिक्की, सांभारवड्या असं डब्यात भरून ठेवायचे आणि बाबा फेऱ्या मारता मारता संपवायचे. पाणी पण बाटलीत, ग्लास नाही. टीव्ही संध्याकाळी सातनंतर बंद, हॉलचा मोठा लाइट बंद करून कोपऱ्यातला पिवळा, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना महिनाभर मनाई. आत्याबाई रागावल्या. रागावू दे म्हटलं.

गोळ्यांचं तर मला खूप उशिरा कळलं. वॉर्डात "आ करा, जीभ वर करा" असं तपासायचे, बाबांना फार अपमान वाटायचा आणि दोनदा त्यांनी गोळी गालात ठेवून बेसिनमध्ये टाकलेली होती. सिस्टर गोळी द्यायची, पूर्ण ग्लास पाणी द्यायची आणि मग समोर बसून विचारायची की काका, कोराडीला बॉयलर ट्रिप झाला की पहिले काय करायचे तुम्ही? बाबा दहा मिनिटं सांगत बसायचे. मला वाटायचं काय गप्पा मारून राहिली ही. दहा मिनिटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळी राहत नाही, एवढंच होतं ते. आणि बाबांनाही कोणीतरी विचारतंय याचं बरं वाटायचं, दोन्ही कामं एकदम.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका रात्री बाबांनी आईची अंगठी कपाटातून काढून तिला दिली, म्हणाले तू माझी मुलगीच आहेस, ठेव. त्या काळात ते सगळ्यांना काही ना काही देत होते, दूधवाल्याला घड्याळ दिलं होतं. सकाळी आठला ड्युटी सोपवताना तिने रजिस्टर उघडून दाखवलं, "१:१५, काकांनी सोन्याची अंगठी दिली, कपाटात परत ठेवली, सकाळी ताईंना सांगणार आहे असं त्यांना सांगितलं", आणि मला समोर उभं करून कपाटातली अंगठी मोजून घ्यायला लावली. बाबांना लाज वाटणार नाही अशा बेताने. मी तिला साडी घेऊन दिली महिन्याच्या शेवटी, ती पण तिने ऑफिसला विचारून मगच घेतली.

मेमध्ये मी पुन्हा ऑफिस जॉइन केलं आणि सिस्टरला दिवसपाळीवर घेतलं, ८ ते ८. आणि याच महिन्यात तिच्यामुळे बाबा वाचले असं मी सरळ म्हणते. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. बाबा गुरुवारी गजानन महाराजांचा उपवास करतात आणि तो अळणी, मीठ नाही, दूध आणि फळं फक्त. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून त्यांनी पाणी पण कमी केलेलं, आम्हाला न सांगता. वरून गुडघा दुखत होता म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून चार दिवस घेतली होती, तेही न सांगता. आता हे तिन्ही वेगवेगळे बघितले तर काहीच नाही, आपल्याकडे अर्धं गाव हेच करतं उन्हाळ्यात. पण लिथियम घेणाऱ्या माणसाच्या शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवते, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी पण रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. तीस वर्षांत आम्हाला हे कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं, किंवा आईला सांगितलं असेल.

सिस्टरने पहिल्या दिवसापासून एक नियम केला होता की बाबांनी रोज रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने तारीख लिहून सही करायची. मला वाटलं त्यांना मान वाटावा म्हणून असेल. त्या शुक्रवारी दुपारी तिने मला ऑफिसात फोन केला, व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले, सोमवारची सही आणि शुक्रवारची सही. सोमवारची नेहमीची, शुक्रवारची म्हणजे अक्षरं पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरलेली. म्हणाली "ताई, बारीक थरथर त्यांना लिथियमची असतेच, ही तशी नाहीये, हात मोठा हलतो, कपबशी वाजून राहिली, सकाळपासून दोनदा पातळ झालं, आणि चालताना भिंत धरतात. मी डॉक्टरांना फोन केलाय, त्यांनी पुढची गोळी थांबवायला सांगितलीय, तुम्ही निघा." मी निघाले. रक्त दिलं. लेव्हल खरी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायची असते, तिने रात्रीच्या गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली होती त्यामुळे लॅबला आणि डॉक्टरांना हिशोब लागला. १.४ आली. बाबांची डॉक्टरांनी ०.६ ते ०.८ मध्ये ठेवायची सांगितलेली, वय बघता. सलाइन लागलं, किडनीची तपासणी झाली, दोन दिवस लिथियम बंद, मग कमी डोसने सुरू. दोन दिवस अजून गेले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला सांगितलं आणि ते मला इथे लिहायचं नाही.

उपवासाबद्दल मी बाबांशी भांडणार होते. तिने भांडू नाही दिलं. तिने त्यांना विचारलं की काका, महाराजांना चालेल का तुम्ही आजारी पडलेले, आणि मग दोघांनी मिळून ठरवलं की गुरुवारी एक वेळ जेवायचं, पण रोजच्यासारखं मीठ घातलेलं, आणि तांब्यात मोजून पाणी. मीठ एकदम वाढवायचं पण नाही बरं का, रोज साधारण सारखं ठेवायचं, ते महत्त्वाचं. अजून तसंच चाललंय. तर तुमच्या घरी कोणी लिथियमवर असेल तर उन्हाळ्यात उपवास, जुलाब, दुखण्याच्या गोळ्या या तिन्हींवर डोळा ठेवा आणि लेव्हल, थायरॉइड, किडनी या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा वेळेवर करा, चुकवू नका.

जुलैमध्ये उलटं झालं. बाबा गप्प झाले. आंघोळ नको, दाढी नको, बंगईवर नुसते बसून. आम्ही तर खूश होतो खरं सांगते, आम्हाला वाटलं शांत झाले, बरे झाले. सिस्टरने एका दुपारी त्यांना माझ्यासमोर विचारलं, "काका, जगणं नको वाटतं का कधी? मरावं असा विचार येतो का?" मला इतका राग आला. बाहेर घेऊन गेले तिला, म्हटलं काय बोलता तुम्ही, नसेल डोक्यात तर घालून राहिल्या का. ती शांतपणे म्हणाली ताई, विचारल्याने तो विचार येत नाही, आलेला असेल तर बोलायला वाट मिळते, आणि गोलगोल विचारलं तर माणूस गोलगोलच उत्तर देतो. आत आलो तर बाबा रडून राहिले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाले "येतो. रोज येतो."

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, औषधं बदलली. घरातल्या सगळ्या गोळ्या कुलूपबंद पेटीत, किल्ली माझ्याकडे, चार दिवसांपेक्षा जास्तीचा साठा घरात नाही. दोन आठवडे त्यांना एकटं नाही सोडलं, रात्री पुन्हा ब्युरोचा ब्रदर (पुरुष नर्स) आणला, हा मात्र शिकलेला होता आणि चांगला होता. सिस्टरने बाबांसोबत बसून एक कागद केला की असं वाटायला लागलं तर आधी काय करायचं, कोणाला फोन करायचा, माझा नंबर, भावाचा नंबर, डॉक्टरांचा आणि खाली १४४१६. हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे आणि माझ्या ओळखीत कोणालाच माहीत नव्हता. तो कागद फ्रिजवर लावलाय, येणारे-जाणारे वाचतात, वाचू देत.

आता ऑफिसच्या तक्रारी, थोडक्यात. नर्सचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवा म्हटलं तर आठ दिवस टाळाटाळ, शेवटी सिस्टरनेच स्वतःचं सर्टिफिकेट आणून दाखवलं. महिन्याचा ॲडव्हान्स आधी घेतात आणि मधल्या रिकाम्या तीन दिवसांचे पैसे वळते करायला मला चार फोन करावे लागले. आम्हाला अटेंडंटचे १२ तासांचे ८०० आणि नर्सचे १,२०० पडले, वर ते "मेंटल"चे २००, जे मी मेनंतर भांडून बंद करवले. शुगरच्या, बीपीच्या पेशंटला लावता का जास्तीचे, मग याला काहून? त्या १,२०० मधले सिस्टरच्या हातात किती पडतात ते तिने मला विचारल्यावर सांगितलं, ऐकून मला झोप नाही लागली त्या दिवशी. विम्याचं म्हणाल तर त्याच २०१७ च्या कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, त्यामुळे वॉर्डातल्या १९ दिवसांचा आमचा क्लेम मंजूर झाला, आधी नाही म्हटलं होतं मग कलम २१ दाखवून पत्र दिलं तेव्हा. घरच्या नर्सचा खर्च मात्र आमच्या पॉलिसीत बसला नाही, पूर्ण खिशातून.

ब्युरोला फोन कराल तेव्हा "पेशंट सांभाळायला माणूस पाहिजे" असं म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं. सरळ सांगा की जीएनएम किंवा बीएस्सी झालेली नर्स पाहिजे आणि सायकियाट्रीच्या वॉर्डात काम केलेली. तशी नसेल तर थांबा, दोन रात्री घरच्यांनी काढा, पण कोणी पण नका घेऊ. ती आली की तुमचं घर दाखवण्याआधी फाइल मागते का बघा. बाबांशी बोलते की बाबांबद्दल तुमच्याशी बोलते ते बघा. आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर वाचा. आमच्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये कधीच "त्रास दिला", "व्हायोलंट झाले" असं नव्हतं. "२:४० ला उठले. टेबलवर हात आपटला. 'माझा फोन द्या' म्हणाले. बाल्कनीत बसवलं. २:५० ला शांत. ३:३० ला झोपले." असं. हे वाचून डॉक्टरांनी दोन वेळा औषधाची वेळ बदलली, माझ्या सांगण्यावरून कधीच बदलली नव्हती.

सध्या ऑक्टोबर आहे. सिस्टर आता मंगळवार आणि शुक्रवार अर्धा दिवस येते, बाकी दिवस आम्हीच बघतो. बाबांची झोप सहा-साडेसहा तास आहे, काल सकाळी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी तर्री पोहे घेऊन आले आणि किती पैसे झाले ते विचारायच्या आधीच सांगितलं. रजिस्टरचे रकाने कसे पाडलेत (झोप, पाणी, जेवण, गोळीची वेळ, बोलायचा वेग, त्यांच्याच शब्दांत काय म्हणाले, सही) त्याचा कोरा फोटो माझ्याकडे आहे, कोणाला पाहिजे असेल तर सांगा, पाठवते.